सी, पायथन आणि लांबून दिलेले सल्ले

आमच्या जुन्या वर्गाच्या ग्रुपवर या आठवड्यात पुन्हा तोच वाद पेटला. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला सगळ्या शाखांना प्रोग्रॅमिंगचा जो पेपर असतो, तो सी या भाषेत ठेवायचा की पायथन या भाषेत न्यायचा? आमच्यातले दोघं-तिघं आता तिकडे भारतातल्या कॉलेजांत शिकवतात, त्यामुळे त्यांच्या शब्दाला वजन. एकाने लिहिलं, "सी गेली की पाया गेला. पायथन म्हणजे नुसते लाड." सिव्हिलला शिकवणाऱ्याने तर पेपरच काढून टाका म्हटलं. एआय दोन सेकंदांत कोड लिहून देतं, मग आमच्या पोरांनी लूप, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करवून घेणाऱ्या ओळी, कशाला घोकायचे? मी चार ओळी लिहिल्या तर लगेच उत्तर आलं, "मॅडम, तिकडे बसून बोलायला तुमचं काय जातंय?"

जातंय. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

हाच पेपर मी इथे नेदरलँड्समध्ये शिकवते. पहिल्या वर्षाची मुलं, निम्मी मेकॅनिकलची, निम्मी फिजिक्सची, आणि भाषा पायथन. त्यावर इथे कुणी हमरीतुमरीवर येत नाही. पायथन मुळात इथलीच, ॲमस्टरडॅमच्या एका संशोधन संस्थेतली. गिडो व्हान रॉसम याने १९८९ च्या नाताळच्या सुट्टीत ती लिहायला घेतली आणि १९९१ मध्ये बाहेर काढली. त्याआधी त्याच संस्थेत एबीसी नावाची भाषा झाली होती, ती तर नवशिक्यांना डोळ्यांसमोर ठेवूनच केलेली. तेव्हा "लाड" म्हणणारा अगदीच चूक नाही. लाड आहेतच. सीसारखा ओळीच्या शेवटचा सेमीकोलन राहिला म्हणून अर्धं प्रॅक्टिकल वाया जात नाही, एवढे लाड मला मान्य आहेत.

पण तो पाया म्हणजे नक्की काय होतं, हे त्या ग्रुपवर कुणी सांगत नाही. मला आठवतो तो बोरलँड कंपनीच्या टर्बो सीचा, म्हणजे सीचे प्रोग्रॅम लिहून चालवायच्या सॉफ्टवेअरचा, निळा पडदा. टर्बो सी १९८७ ची आणि टर्बो सी प्लस प्लस १९९० ची. आम्ही त्यावर शिकलो तेव्हाच ते म्हातारं झालेलं होतं. प्रत्येक प्रोग्रॅममध्ये त्याच ठरीव ओळी: व्हॉइड मेन, क्लिअर स्क्रीन, शेवटी गेट-सी-एच. हे का लिहायचं, हे विचारायची सोय नव्हती. जर्नलच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने आउटपुट उतरवायचं, सरांची सही घ्यायची, आणि व्हायव्हाला एक्स्टर्नल विचारणार, व्हाइल आणि डू-व्हाइल या दोन लूपमधला फरक सांगा. फरक सगळ्यांना पाठ. कधी कोणता वापरायचा, ते मात्र कुणाला माहीत नव्हतं आणि कुणी विचारतही नव्हतं.

त्यातच फॅक्टोरियलचा प्रोग्रॅम, म्हणजे १ पासून दिलेल्या आकड्यापर्यंत सगळ्यांचा गुणाकार. ७ टाकले की ५०४०. ८ टाकले की उणे २५२१६. आमच्या बॅचमध्ये कुणीतरी ८ टाकलेच. सर म्हणाले, "पाचपर्यंतच टाका, जर्नलमध्ये तेवढंच आहे." अख्ख्या सेमिस्टरमधला सगळ्यात मोलाचा धडा पडद्यावर आपण होऊन उभा राहिला होता आणि आम्ही तो पुसून टाकला. टर्बो सीमध्ये इंट, म्हणजे पूर्णांक ठेवायची जागा, सोळा बिटांचा, म्हणजे ३२७६७ च्या पुढे जागाच नाही. ८ चं खरं उत्तर ४०३२० त्यात मावत नाही, म्हणून आकडा फिरून उण्यात जातो. ४ जून १९९६ ला एरियन ५ हे रॉकेट उड्डाणानंतर चाळीसेक सेकंदांत फुटलं, ते याच मर्यादेपायी. आडव्या वेगाशी निगडित एक चौसष्ट बिटांचा दशांशातला आकडा सोळा बिटांच्या पूर्णांकात कोंबला गेला. कोड एरियन ४ वरून उचललेला होता. ते रॉकेट इतक्या वेगात जात नव्हतं, त्यामुळे तिथे तोच कोड बिनबोभाट चालत होता. पायावाल्यांनी हे शिकवलं असतं, तर सीची पालखी मी स्वतः खांद्यावर घेतली असती.

आणि भाषा बदलून सगळं सुटतं असंही नाही. ०.१ दहा वेळा मिळवा, पायथन तुम्हाला १ देणार नाही, ०.९९९९ असं काहीतरी देईल. सीच्या डबलमध्येही, म्हणजे दशांशाच्या आकड्यांतही, तेच घडतं, फक्त पडद्यावर छापणारा प्रिंटएफ ते सहा दशांशांवर झाकून टाकतो. १९९१ च्या आखाती युद्धात सौदी अरेबियातल्या दाहरानला अमेरिकेची पॅट्रियट क्षेपणास्त्र यंत्रणा सुमारे शंभर तास सलग चालू होती. सेकंदाचा दहावा भाग द्विमान पद्धतीत पुरता मावत नाही, त्या कसरीने घड्याळ सेकंदाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याने चुकलं आणि समोरून येणारं इराकचं स्कड क्षेपणास्त्र निसटलं. २८ सैनिक गेले. यात सी की पायथन हा प्रश्न कुठे येतो?

आता सिव्हिलवाल्याकडे वळते, कारण माझं खरं भांडण त्याच्याशीच आहे. इथे काही आठवडे झाले की मी मुलांना एक लोखंडी सळई देते, अर्थात कागदावरची. एक टोक तापलेलं, दुसरं गार, मधे काय होतं ते काढा. सळईचे तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकड्याचं तापमान शेजारच्या दोघांवरून पुढे सरकवायचं. दहा ओळींचा लूप. वेळेची पायरी लहान ठेवली तर सगळं सुरळीत. ती मोठी केली, म्हणजे उष्णतेच्या विसरणाचा गुणांक गुणिले वेळेची पायरी भागिले तुकड्याच्या लांबीचा वर्ग हे अर्ध्याच्या वर गेलं, की तापमान वरखाली उसळ्या मारत लाखांत पोहोचतं. प्रोग्रॅम अडखळत नाही. लाल अक्षरांत काही येत नाही. मुलं आधी टायपिंगची चूक शोधत बसतात आणि ती सापडत नाही, कारण ती नाहीच.

एआयने लिहिलेला कोडही असाच विनातक्रार चालणार आहे. त्यातून आलेलं तापमान, किंवा तुळईचा वाक, शक्य आहे की नाही हे बघायला माणूस लागणार. तो माणूस सिव्हिलचाच असणार, कॉम्प्युटरचा नाही. म्हणून पेपर काढायचा असेल तर कॉम्प्युटरवाल्यांचा काढा, ती पोरं तशीही कुठून तरी शिकतात. सिव्हिलचा ठेवा.

हे सगळं मी ग्रुपवर थोडं चढ्या आवाजात लिहिलं. इथे परीक्षा चालत्या मशीनवर होते, दहापैकी साडेपाच गुण मिळाले तर पास, नाहीतर हेरटेंटामेन, म्हणजे फेरपरीक्षा. प्रत्येक टेबलाशी वरच्या वर्गातला असिस्टंट येऊन डोकावतो. पहिल्या वर्षी ठरलेले क्रेडिट मिळाले नाहीत तर अभ्यासक्रम सोडावा लागतो, त्या बीएसए नियमाच्या धाकाने का होईना, मुलं सराव करतात. काही गोष्टी लिहिल्या नाहीत. इथली पोरंही गृहपाठ एआयकडून करून आणतात आणि निरागस चेहऱ्याने बसतात. आणि पायथनचा पूर्णांक हवा तेवढा फुगतो, त्यामुळे उणे २५२१६ माझ्या वर्गात कुणाला दिसतच नाही. तीच मुलं पुढे नमपाय हा पायथनमधला आकडेमोडीचा संच वापरतात, तिथे चौसष्ट बिटांत २० चं फॅक्टोरियल मावतं आणि २१ चं मुकाट्याने उणे होतं. तेव्हा त्यांच्याजवळ टर्बो सीची आठवण नसते. पायावाल्यांचा हा मुद्दा खरा आहे. ग्रुपवर मात्र मी तो त्यांच्या हाती देणार नाही.

गंमत पुढे आहे. मध्यंतरी कॉफीच्या वेळी एक डच सहकारी हसत म्हणाला, तुमच्याकडे प्रोग्रॅम कागदावर लिहायला लावतात म्हणे. ज्या गोष्टीवरून मी ग्रुपवर सगळ्यांना झोडपते, तीच गोष्ट. पण त्याच्या तोंडून ती आली आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हटलं, तुमचा संगणकशास्त्रज्ञ डायक्स्ट्रा १९६२ ते १९८४ आइंडहोव्हनला प्राध्यापक होता, आणि पुढे १९८८ मध्ये त्यानेच मांडलं की नवशिक्यांना प्रोग्रॅम चालवूच देऊ नये, आधी तो बरोबर आहे हे सिद्ध करायला शिकवावं. तो गप्प झाला तरी मी थांबले नाही. कानपूरच्या आयआयटीत १९६३ मध्ये आयबीएम १६२० हा संगणक आला आणि तिथली इंजिनिअरिंगची मुलं फोरट्रान ही भाषा शिकू लागली, हे ऐकवलं. मुंबईच्या आयआयटीत प्राध्यापक अभिराम रानडे यांनी पहिल्या वर्षाला पडद्यावर कासव फिरवून सी प्लस प्लस शिकवलं, हेही.

त्यातलं माझ्या वाट्याला काहीच आलं नव्हतं. मी ना कानपूरला शिकले, ना मुंबईला. मला मिळालं ते निळ्या पडद्याचं, पाचपर्यंतच्या फॅक्टोरियलचं कॉलेज, आणि त्याचा कैवार घ्यायला मी दुसऱ्यांची पदकं लावून उभी होते. ग्रुपवर मी डच होते आणि कॉफीच्या टेबलाशी कानपूरची. दोन्हीकडे माझी बाजू कुणी मागितलेली नसते.

"तुमचं काय जातंय" म्हणणाऱ्याला मी शेवटी तो सळईचा प्रश्न पाठवला. त्याने आधी अडचणी सांगितल्या. दोन तासांचं प्रॅक्टिकल, एका मशीनवर दोघं, टर्मवर्कच्या यादीत हा प्रयोग नाही. मग गुपचूप तो सीमध्ये बसवून एका बॅचला दिला. वेळेची पायरी मोठी केल्यावर तापमान उणे हजारांत गेलं, तेव्हा एका मुलीने विचारलं, "सर, जर्नलमध्ये कुठलं आउटपुट लिहू?" मी म्हटलं, दोन्ही लिहायला सांग, आणि दुसरं का बिघडलं तेही. तो म्हणतो, एक्स्टर्नल एकच मागतो.