कबरी रेल्वेनं उखडल्या, बागेनं नव्हे

नमस्कार. एका जुन्या चर्चच्या दफनभूमीवर झालेल्या, लंडनच्या सेंट पँक्रास गार्डन्स या बागेवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, की कबरींचे दगड हलवून तिथे बाकं टाकणं ही मृतांची विटंबना आहे आणि मी तिचंच कौतुक करते आहे. लोक तिथे डबे खातात, कुत्री फिरवतात, तेही तुम्हाला खटकलं. तुमचा राग मला समजतो, पण तो बागेवर काढलेला मला पटत नाही.

काय आधी घडलं आणि काय नंतर, ते पाहा. लंडनमधल्या गच्च भरलेल्या दफनभूमी १८५० च्या दशकात आरोग्याच्या कारणानं बंद करण्यात आल्या, त्यात हे चर्चचं आवारही होतं. त्यानंतरच्या दशकात मिडलँड रेल्वेनं आपला मार्ग त्यातूनच काढला आणि हजारो मृतांचे अवशेष उकरले गेले. त्या कामावर देखरेख करणाऱ्यांत पुढे कादंबरीकार झालेला थॉमस हार्डी होता, तेव्हा तो एका वास्तुविशारदाकडे नोकरीला होता. विटंबना झाली असेल तर ती तेव्हा.

बाग आली १८७७ मध्ये. ज्यांच्या कबरी नाहीशा झाल्या होत्या त्यांच्यापैकी अनेकांची नावं अँजेला बर्डेट-कूट्स या दानशूर बाईंनी उभारलेल्या स्मारकावर कोरलेली आहेत. सूर्यघड्याळ असलेलं हे स्मारक १८७९ चं. मृतांचा मान राखण्याचा याहून स्पष्ट प्रयत्न कोणता? पुढे १८८४ च्या कायद्यानं वापरात नसलेल्या दफनभूमींवर इमारती बांधायला मनाई केली. अशा जागा शहरात मोकळ्या राहिल्या त्या या कायद्यामुळे आणि बागांमुळे. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे पुन्हा खोदकाम झालं तेही रेल्वेसाठीच, संसदेच्या खास कायद्याच्या बळावर. त्या वेळी फ्रेंच राज्यक्रांतीमुळे परागंदा झालेले आर्चबिशप दिलाँ यांचे अवशेष सापडले, चिनी मातीच्या कवळीसकट!

थडग्यांवर चढून बसणं मलाही आवडत नाही, तिथे मी तुमच्या बाजूनं आहे. पण शेजारच्या रुग्णालयातून थकून आलेलं कुणी झाडाखाली दोन घास खात असेल, तर त्यानं कुणाचा अपमान होतो असं मला वाटत नाही. पक्ष्यांनाही त्या जुन्या झाडांची गरज आहे. जवळच कालव्याकाठी, कोळशाच्या जुन्या आवारात १९८५ पासून कॅम्ली स्ट्रीटचं निसर्ग उद्यान आहे. एवढ्या दाट वस्तीत हिरवे तुकडे असे जवळजवळ असले तरच पाखरं टिकतात.

ही जमीन बांधकामाला मोकळी सोडली असती तर तिथे काय उभं राहिलं असतं, ते शेजारच्या किंग्ज क्रॉस भागातल्या इमारती पाहिल्यात की कळेल.