चिपीला प्रवासी नाहीत, हे पटत नाही

एका लेखात म्हटलंय, मुंबईहून सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळाला जाणाऱ्या विमानाला प्रवासी मिळेनात. मी परळला राहतो, गाव परुळ्याजवळ. सत्तरेक खुर्च्यांचं एटीआर, म्हणजे पंख्याचं छोटं विमान ते. गणपतीत, मे महिन्यात तिकिटासाठी मारामार असायची. २०२३ साली आईला घेऊन विमानतळावर पोचलो, तर फेरी रद्द! तिचे गुडघे दुखतात, काठी टेकत आली होती बिचारी. रात्रभर बसमध्ये कशी बसवायची तिला? वेळेचा भरवसा नसला की माणूस कोकणकन्याच धरतो, नाहीतर गोव्यातल्या मोपा विमानतळाला उतरतो. खुर्च्या रिकाम्या दिसतात त्या यामुळे, माणसं नाहीत म्हणून नव्हे. उडान या छोट्या शहरांच्या विमानसेवेसाठीच्या सरकारी योजनेचं अनुदान तीन वर्षांपुरतं असतं. तेवढ्या काळात ठरल्या वेळी विमान सुटलं असतं, तर लोकांना सवय लागली असती. मुंबईत स्लॉटची, म्हणजे विमान उतरण्या-सुटण्याच्या ठरीव वेळांची टंचाई आहे, मान्य. पण नवी मुंबईहून तरी आमच्या चिपीला रोजची, ठरलेल्या वेळेची फेरी द्या.