शाळेत व्हायोलिन येणार असेल, तर व्हायोलाही यावा

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० मध्ये कला हा शिक्षणाचाच भाग मानला असला, तरी यवतमाळ जिल्ह्यातील मी पाहिलेल्या खेड्यांत शाळेतले संगीत परिपाठाची प्रार्थना, पंधरा ऑगस्टचे समूहगीत आणि स्नेहसंमेलन यांच्या पलीकडे फारसे गेलेले नाही. उद्या एखादा देणगीदार तंतुवाद्ये देऊ लागला, तर तो व्हायोलिनच देईल. त्यांत निदान दोन व्हायोला असावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

व्हायोला दिसायला व्हायोलिनसारखाच, अंगाने थोडा मोठा असतो. पेटीच्या भाषेत सांगायचे, तर त्याच्या तारा खालून वर पांढरी एक, पांढरी पाच, पांढरी दोन आणि पांढरी सहा अशा लागतात. यांपैकी वरच्या तीन व्हायोलिनलाही असतात. व्हायोलिनची सर्वांत उंच, पांढरी तीनची तार मात्र येथे नसते आणि तिच्याऐवजी खाली एक खर्जाची तार मिळते. आठवी-नववीत मुलांचा आवाज फुटतो आणि समूहगीतातून ती आपोआप बाहेर पडतात. गळा साथ देत नसलेल्या त्या मुलांना आपल्या नव्या आवाजाच्या पट्टीत वाजवता येईल असे वाद्य हाती मिळाले, तर त्यांचे संगीत तिथेच थांबणार नाही.

पाश्चात्त्य संगीतातल्या तंतुवाद्यांच्या चौकडीत दोन व्हायोलिन, एक व्हायोला आणि खर्जात वाजणारा एक मोठा चेलो असतो. मुख्य चाल बहुतेक वेळा पहिल्या व्हायोलिनकडे आणि पाया चेलोकडे असल्याने व्हायोलावाल्याला दोन्हींकडे कान ठेवून मधली जागा भरावी लागते. तिकडे या वादकांवर विनोद करण्याची जुनी खोड आहे. पण तिकडचा थोर संगीतकार मोझार्ट मित्रांबरोबर चौकडीत बसला की व्हायोला वाजवी, आणि तितकाच थोर संगीतकार बाख यालाही हेच वाद्य हाती घेणे आवडे, असे त्याच्या मुलाने लिहून ठेवले आहे.

आपल्या रागसंगीतात अशी स्वतंत्र मधली सुरावट नसते, हा आक्षेप खरा आहे. तरीही डॉ. एम. बालमुरलीकृष्ण यांच्यासारखे थोर गायक व्हायोला वाजवत असत, आणि सा-प-सा-प असा लावून त्यावर भजनाची चाल सहज वाजवता येते. शिवाय राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनांवर वाढलेल्या आमच्या गावांना झील धरणाऱ्यांची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. मागचे चार आवाज ढिले पडले, तर पुढच्या बुवाचेही भजन पडते. शाळेत मात्र आपण एका गोड गळ्याला माइक देतो आणि उरलेल्या वर्गाला टाळ्या.

लहान मुलांसाठी वेगळे वाद्य शोधण्याची गरज नाही. लहान आकाराच्या व्हायोलिनवर व्हायोलाच्या तारा चढवून काम भागते, आणि सुरुवातीचे धडे व्हायोलिनचा शिक्षकही देऊ शकतो. खरी अडचण आमच्या उन्हाची आहे. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो, कोरड्या हवेने खुंट्या सैल पडतात, सरसाचे जोड सुटतात आणि लाकडाला चिरा जातात. म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीत ही वाद्ये शाळेच्या टिनपत्र्याच्या खोलीत कुलूपबंद ठेवू नयेत. नोंदवहीत पालकांची सही घेऊन ती वाजवणाऱ्या मुलांच्या घरी द्यावीत. कवेलूच्या मातीच्या घरात ती अधिक सुरक्षित राहतील आणि दोन महिने वाजतीलही.