खानापूरचा मास्टर प्लॅन आणि ‘लोकांना काय कळतं?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

माझ्या मागच्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरसारख्या गावाचा वीस वर्षांचा मास्टर प्लॅन, म्हणजे विकास आराखडा, करायचा झाला, तर नकाशा काढण्याआधी गल्लीगल्लीत जाऊन लोकांना विचारावं, असं मी लिहिलं होतं. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: नियोजन हे तज्ज्ञांचं काम आहे, लोक आपल्या प्लॉटपलीकडं बघत नाहीत, हरकतींसाठी कायद्यात मुदत आहेच. सभा घेतल्या की दलाल आणि पुढारी माईक धरणार, वर भाषेचा वाद उकरला जाणार. आणि एवढं करून प्लॅन कपाटातच पडणार. तुम्ही उभी हयात सरकारी बांधकामांवर इंजिनिअर म्हणून काढलीत, त्यामुळं हे बोलणं अनुभवाचं आहे. म्हणूनच सविस्तर लिहितो.

लोक स्वतःपुरतं बघतात हे मलाही दिसतं. पण तसं का होतं? कर्नाटकाचा नगर व ग्राम नियोजन कायदा १९६१ चा. त्याच्या कलम १३ प्रमाणे आधी आराखडा तयार होतो, सरकार त्याला तात्पुरती मंजुरी देतं, आणि मग तो प्रसिद्ध करून साठ दिवसांत लोकांच्या सूचना-हरकती मागवतात. म्हणजे सामान्य माणसाची आराखड्याशी पहिली गाठ पडते तेव्हा नकाशात सगळे रंग भरून झालेले असतात. त्या नकाशापुढं उभा राहिलेला माणूस आपला सर्व्हे नंबर सोडून दुसरं काय शोधणार? रस्ता गोठ्यावरून गेलाय का, शेत बागेच्या आरक्षणात पडलंय का, एवढंच तो बघतो, कारण त्याला विचारलंच आहे की ‘तुमची हरकत आहे का?’ ‘पुढच्या वीस वर्षांत गाव कुठल्या अंगाला वाढू नये?’ असं विचारून बघा. तोच माणूस तासभर बोलतो.

आम्ही विचारलं होतं. नदीकडच्या एका गल्लीत देवळाच्या कट्ट्यावर काही जणांनी मिळून गावाचा सर्व्हे नकाशा पसरला. सुरुवातीला प्रत्येकानं आपलं घर शोधलं, ते साहजिकच आहे. मग शेंगा फोडत बसलेल्या एक आजी सुपली बाजूला सारून पुढं आल्या. नदी कुठं, पूल कुठं हे त्यांनी नातवाकडून समजून घेतलं आणि २०१९ च्या ऑगस्टात मलप्रभेचं पाणी कुठनं आत शिरलं, कुठल्या वळणावर थांबलं, हे बोटानं ओढून दाखवलं. नातू मागून पेन्सिल फिरवत गेला. त्या रेषेच्या आत आज दगड रोवून प्लॉट पाडलेत. आजी म्हणाल्या, “हितं आम्ही भात लावत होतो. आषाढात पाणी हलत नाही हितलं. घर बांधून करणार काय?”

ही रेषा आराखडा करणाऱ्या सल्लागाराच्या संगणकात कुठून येणार? उपग्रहाची चित्रं घेतात ती बहुतेक ढग नसलेल्या दिवसांची, म्हणजे कोरड्या महिन्यांतली. मार्चमध्ये ओढा पायवाटेसारखा दिसतो. लोकसंख्येचा हिशोब २०११ च्या जनगणनेवरून पुढं ओढलेला, कारण २०२१ ची जनगणना झालीच नाही. आजींचं बोट म्हणजे सर्व्हे नव्हे, असं तुम्ही म्हणाल. मान्य. तिथं लेव्हल घ्या, म्हणजे जमिनीची उंची यंत्रानं मोजा, पडताळा, चुकलं असेल ते दुरुस्त करा. पण लेव्हल नेमकी कुठं घ्यायची, हे त्यांनीच दाखवलं ना?

तज्ज्ञांच्या हातूनही चुका होतात आणि त्या राहणाऱ्यांना आधी दिसतात. मुंबईच्या २०३४ पर्यंतच्या विकास आराखड्याचा मसुदा फेब्रुवारी २०१५ मध्ये आला. लोकांनी आपापल्या भागाचे नकाशे तपासले तेव्हा चुकांचा डोंगर निघाला. एप्रिलमध्ये सरकारनं तो मागं घ्यायला लावला, सुधारित मसुदा २०१६ मध्ये आला आणि मंजुरीला २०१८ उजाडलं. तिथं निदान वर्तमानपत्रं होती, अभ्यास करणाऱ्या संस्था होत्या. आपल्या गावच्या नकाशात तशी चूक झाली तर ती कोण पकडणार?

आणखी एक गोष्ट मूळ लेखात मी पुरेशी मांडली नव्हती, ती तुमच्यामुळं मांडतो. खानापूर फक्त खानापूरकरांचं नाही. जांबोटी, कणकुंबी, लोंढा, नंदगड, सगळीकडचा माणूस दवाखान्याला, कॉलेजला, बाजाराला, तहसीलदार कचेरीला इथंच येतो. मुसळधार पावसात हलात्री नदीवरचा पूल पाण्याखाली गेला की हेम्माडग्याकडच्या लोकांना रात्र गावात काढावी लागते. या माणसांना नगरपंचायतीत मत नाही. बसस्टँड कुठं असावा, बाजारकट्टा कुठं, बाळंतीण घेऊन येणारी जीप कुठल्या रस्त्यानं आत यावी, हे त्यांनाही विचारायला नको का? त्यासाठी सभा लागत नाही. बाजाराच्या दिवशी स्टँडवर एक टेबल टाकून दोन माणसं वही घेऊन बसली तरी पुरे.

माईक बळकावणाऱ्यांबद्दल तुम्ही म्हणता ते खरंच आहे. एकच मोठी सभा घेतली तर ती जमिनीच्या दलालांचीच होते, बायका मागं उभ्या राहतात आणि निघून जातात. म्हणून तर सभेवर माझी भिस्त नाही. स्त्री शक्ती संघाच्या बैठका आधीपासून होतातच, तिथं जावं. गणेशोत्सव मंडळाची पोरं, भजनी मंडळं, कुंभार आणि वीटभट्टीवाले यांच्याकडं वेगवेगळं जावं. माती कुठं खणून झाली आणि कुठं खड्डे बुजवून वर भराव टाकलाय, हे भट्टीवाल्याइतकं कुणाला ठाऊक असणार? शहरांसाठी घटनेनं वॉर्ड समित्या सक्तीच्या केल्यात, पण तीन लाख किंवा त्याहून जास्त वस्ती असेल तरच. खानापूर, निपाणी, संकेश्वर त्यात बसत नाहीत. तेव्हा अशा जागा आपल्यालाच तयार कराव्या लागतील.

आता भाषा. सीमाप्रश्न इथं आणण्याची माझी इच्छा नाही, पण ज्याला विचारायचं त्याला कळेल अशा भाषेत विचारणं ही किमान गोष्ट आहे. भाषिक अल्पसंख्याकांची वस्ती जिथं १५ ते २० टक्के आहे, तिथं महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, ही भूमिका केंद्रानं १९५६ च्या निवेदनातच घेतली आहे. घटनेच्या कलम ३५० प्रमाणे राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत गाऱ्हाणं मांडता येतं, म्हणजे मराठीत लिहिलेली हरकतही द्यायचा हक्क आहे. शिवाय राजपत्रातल्या त्या जड भाषेपुढं माझे कन्नड भाषिक शेजारीही हात टेकतात. सोप्या कन्नडमध्ये आणि सोप्या मराठीत एकाच कागदावर माहिती दिली तर भांडणाला जागा उरते कुठं?

कपाटाचं म्हणाल, तर मला सगळ्यात जास्त काळजी तिथलीच आहे. मैदान, बाग, शाळा यांसाठी आराखड्यात दाखवलेली जागा पाच वर्षांत संमतीनं घेतली नाही किंवा भूसंपादन सुरू केलं नाही, तर याच कायद्याच्या कलम ६९ प्रमाणे ते आरक्षण संपतं. मालक मोकळा होतो आणि तिथं लेआउट पडतो. ही पाच वर्षं मोजणार कोण? तोवर चीफ ऑफिसर बदललेले असतात, नगरसेवकही बदललेले असतात. ज्या गल्लीनं ते मैदान मागून घेतलं तीच मोजते, तीच चौथ्या वर्षी अर्ज घेऊन जाते. ज्यांना आराखड्यात काय होतं हेच माहीत नाही, त्यांना आपलं मैदान गेल्याचंही कळत नाही. दहा वर्षांनी नवा सर्व्हे करून आराखडा सुधारायची तरतूदही कायद्यात आहे, आणि तिचीही आठवण बाहेरूनच करून द्यावी लागते.

तुमच्याकडून एक मदत हवी आहे. ती पुराची रेषा येत्या पावसाळ्याआधी लेव्हल घेऊन पक्की करायची आहे. डंपी लेव्हल (उंची मोजायची दुर्बीण) आणि स्टाफ (खुणांची उभी पट्टी) भाड्यानं आणू, स्टाफ धरायला पोरं तयार आहेत, फक्त रीडिंग घेणारा जाणकार माणूस नाही. कुठला रविवार तुम्हाला सोयीचा, ते कळवा.