पिलाताचा दगड नेमकं काय सांगतो

परत तोच वाद सुरू झालाय म्हणून लिहितोय, पोस्ट मोठी आहे पण पूर्ण वाचा. एक गट म्हणतो येशू नावाचा माणूस झालाच नाही, सगळं नंतर रचलंय, आणि दुसरा गट, ज्यात आमची चर्चचीच मंडळी जास्त आहेत, इस्राएलमधल्या कैसरीया या जुन्या रोमन शहरात सापडलेल्या, पिलाताचं (येशूला वधस्तंभाची शिक्षा देणारा रोमन सुभेदार) नाव असलेल्या दगडाचा फोटो टाकतो आणि खाली लिहितो "बायबल सिद्ध झालं". दोन्ही वाचून त्रास होतो, पण दुसऱ्याचा जास्त होतो कारण ती माझी माणसं आहेत आणि मीही त्याच विश्वासाचा आहे.

आधी त्या दगडाचंच बघू. १९६१ साली इटालियन पुरातत्त्वज्ञांची टीम, आंतोनिओ फ्रोवा त्यांचे प्रमुख, कैसरीयाच्या रोमन नाट्यगृहात खोदकाम करत होती. तिथे नंतरच्या काळात जिन्यात बसवलेला एक चुनखडीचा दगड निघाला, म्हणजे जुनी इमारत पडली आणि तिचा दगड कुणीतरी पायरीसाठी वापरला. त्याची डावी बाजू फुटलेली आहे. उरलेल्या लॅटिन अक्षरांत तिबेरियस सम्राटाच्या नावाने बांधलेल्या कसल्यातरी वास्तूचा उल्लेख आहे, खाली "...तियुस पिलातुस" आणि त्याखाली हुद्द्याची शेवटची अक्षरं, "...एक्तुस". यावरून कळतं की पिलाताचा हुद्दा प्रीफेक्ट (सुभेदाराचा त्या काळचा हुद्दा) होता. रोमन इतिहासकार टॅसिटस त्याला प्रोक्युरेटर म्हणतो, कारण टॅसिटस लिहीत होता ११६ च्या आसपास आणि तोपर्यंत यहूदीयाच्या (यरुशलेम ज्यात येतं तो प्रांत) सुभेदारांना प्रोक्युरेटर म्हणायची पद्धत पडून कितीतरी वर्षं झाली होती.

बस. दगड एवढंच सांगतो. पिलात होता, यहूदीयाचा सुभेदार होता, सम्राटाच्या नावाने त्याने काहीतरी बांधलं. येशूबद्दल त्यात एक अक्षर नाही. आणि तसंही पिलात होऊन गेला याबद्दल शंका होतीच कुणाला, योसेफस आणि फिलो या दोन यहुदी लेखकांनी त्याच्याबद्दल चांगलं सविस्तर लिहून ठेवलंय, आणि ते काही गोड नाही. योसेफसचा पिलात मंदिराच्या खजिन्यातले पैसे पाण्याच्या कालव्यासाठी उचलतो, ओरडणाऱ्या गर्दीत साध्या कपड्यात सैनिक घुसवून लोकांना सोट्यांनी मारतो, आणि शेवटी शोमरोनी (यहुद्यांच्या शेजारचा वेगळा पंथ) लोकांच्या कत्तलीवरून त्याची रोमला रवानगी होते. शुभवर्तमानातला, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रांतला, शिक्षेची जबाबदारी झटकून हात धुणारा, कचरणारा पिलात आणि हा पिलात यांचा मेळ कसा घालायचा हा खरा इतिहासाचा प्रश्न आहे, त्यावर बोला ना. फोटो टाकून तो सुटत नाही.

आता "झालाच नाही" वाल्यांसाठी. तुम्ही म्हणता समकालीन पुरावा दाखवा. ठीक आहे, पण हाच पिलात बघा, साधारण दहा वर्षं अख्ख्या प्रांताचा कारभार करणारा रोमन अधिकारी. त्याने पाडलेली तांब्याची नाणी सापडतात पण त्यांच्यावर नाव सम्राटाचं, याचं नाही. १९६१ पर्यंत त्याच्या नावाचा एकही शिलालेख हातात नव्हता. सुभेदाराची ही गत, तर गालीलातल्या एका खेड्यातल्या सुताराचं नाव सरकारी दगडावर कोण कोरणार होतं? वधस्तंभाचं पण तसंच आहे. योसेफस लिहितो की यहुद्यांचा राजा हेरोद मेल्यानंतर उठाव झाला तेव्हा एकट्या वारुस या रोमन सुभेदाराने सुमारे २००० लोकांना वधस्तंभावर टांगलं, आणि त्या सगळ्या प्रदेशात आजवर स्पष्ट असा शारीरिक पुरावा म्हणाल तर एक टाचेचं हाड, खिळा अजून आत अडकलेला, यरुशलेमला १९६८ साली अस्थिपेटीत मिळालेलं. त्या माणसाचं नाव यहोहानान, पेटीवर कोरलेलं होतं म्हणून कळलं.

मला विचाराल तर सगळ्यात भक्कम पुरावा दगडात नाहीच, तो पौल या सुरुवातीच्या ख्रिस्ती प्रचारकाच्या एका चिडलेल्या पत्रात आहे. गलतीकरांस पत्र, इसवी सन ५० च्या दशकातलं, पौलाचं स्वतःचं आहे यावर नास्तिक अभ्यासकसुद्धा फारसा वाद घालत नाहीत. त्यात तो सांगतो की मी यरुशलेमला गेलो, केफाकडे (म्हणजे पेत्र, येशूचा शिष्य) १५ दिवस राहिलो आणि प्रभूचा, म्हणजे येशूचा, भाऊ याकोब सोडून दुसऱ्या कुठल्या प्रेषिताला भेटलो नाही, आणि वर शपथ घेतो की मी खोटं बोलत नाही. त्याला तिथे येशूबद्दल काही सिद्ध करायचंच नाहीये, तो स्वतःचा अधिकार मांडतोय, भावाचा उल्लेख जाता जाता आलाय. आणि ४० एक वर्षांनी योसेफस, जो ख्रिस्ती नव्हता, ६२ सालच्या एका बेकायदा शिक्षेची हकीकत सांगताना तोच याकोब आणतो, "ज्याला ख्रिस्त म्हणतात त्या येशूचा भाऊ". काल्पनिक माणसाचा भाऊ यरुशलेमात राहतो, त्याला भेटून आलेला माणूस पत्र लिहितो, हे कसं बसवणार तुम्ही? बखर आणि अस्सल पत्र यातला फरक मराठी वाचकाला तरी सांगायला लागू नये.

योसेफसचा येशूबद्दलचा तो दुसरा फेमस उतारा मात्र माझ्या लोकांनी जपून वापरावा. "तो ख्रिस्त होता" असं सरळ वाक्य आहे त्यात, आणि तिसऱ्या शतकात ओरिगेन, जो आपलाच ख्रिस्ती लेखक, लिहून गेलाय की योसेफस येशूला ख्रिस्त मानत नव्हता. म्हणजे कुणा ख्रिस्ती नक्कलकाराने हात मारलाय. बहुतेक अभ्यासक म्हणतात मूळ काहीतरी होतं आणि वर भर घातली, मलाही ते पटतं.

हस्तलिखितांचा विषय निघाला की मँचेस्टरच्या रायलँड्स लायब्ररीतला तो पपायरसचा तुकडा येतोच. तळहातात मावेल एवढा, जेमतेम ९ सेंटीमीटर उंच, १९२० मध्ये इजिप्तमधून विकत घेतलेला, १९३५ ला रॉबर्ट्स या अभ्यासकाने प्रसिद्ध केला. योहानाच्या शुभवर्तमानातल्या १८ व्या अध्यायातला भाग आहे, पिलातापुढची चौकशीच, आणि अक्षरं दोन्ही बाजूंना आहेत म्हणजे गुंडाळी नव्हती, पानांचं पुस्तक होतं. मागच्या बाजूला पिलात "सत्य काय आहे" विचारतो ती जागा येते पण तो प्रश्न फाटून गेलाय, "त्याला म्हणतो" एवढं उरलंय. हे वाचलं तेव्हा अंगावर काटा आला होता माझ्या. पण फॉरवर्डमध्ये जे "इ.स. १२५" असं ठाम छापतात ना, ते तुकड्यावर कुठेही लिहिलेलं नाही. ती तारीख अक्षराच्या वळणावरून काढलेली आहे, आणि एका लेखनिकाचं वळण कितीतरी वर्षं तसंच राहतं. २००५ साली ब्रेंट नोंगब्री या अभ्यासकाने दाखवलं की तसलंच अक्षर दुसऱ्या शतकाच्या शेवटी आणि तिसऱ्याच्या सुरुवातीलाही सापडतं. रॉबर्ट्सही "दुसऱ्या शतकाचा पहिला अर्धा भाग" एवढंच म्हणाले होते. आणि हेही बघा, प्रत कधीची आणि मूळ पुस्तक कधी लिहिलं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, तुकडा २०० सालचा निघाला म्हणून योहान २०० साली लिहिलं असं होत नाही. हे दोन्ही गट विसरतात.

मार्कच्या शुभवर्तमानाचं काय झालं ते आठवतंय का? २०१२ मध्ये एका ख्रिस्ती अभ्यासकाने जाहीर वादविवादात सांगून टाकलं की मार्कचा पहिल्या शतकातला तुकडा मिळालाय, सगळीकडे आनंदीआनंद, प्रवचनांत उदाहरणं. २०१८ ला तो खरंच प्रसिद्ध झाला तेव्हा दुसऱ्या शतकाच्या शेवटचा किंवा तिसऱ्याच्या सुरुवातीचा निघाला. अजूनही मौल्यवानच आहे हो, मार्कच्या एवढ्या जुन्या प्रती आहेतच कुठे. पण आधी इतका गाजावाजा केल्यामुळे ती चांगली बातमी पण हरल्यासारखी वाटली, आणि तरुण पोरं आम्हाला विचारायला लागली की अजून काय काय असंच सांगितलंत.

राहिली लूकच्या शुभवर्तमानातली नोंदणी, म्हणजे रोमन जनगणना. मत्तय म्हणतो येशू हेरोद राजाच्या काळात जन्मला, हेरोद गेला इ.स.पूर्व ४ मध्ये. लूकही गोष्ट हेरोदाच्याच काळात सुरू करतो, पण जन्माला सीरियाचा रोमन सुभेदार क्विरीनिय याच्या नोंदणीशी जोडतो, आणि योसेफसप्रमाणे ती नोंदणी इसवी सन ६ मधली. मध्ये निदान नऊ वर्षांचं अंतर. क्विरीनिय आधी एकदा सुभेदार होता वगैरे उत्तरं मी वाचलीत, त्याला आधार मिळत नाही, माझ्या मते लूकचा इथे काळाचा घोळ झालाय आणि त्याने माझा विश्वास तसूभर हलत नाही. कुणाकडे खरंच नवीन काही असेल तर कमेंटमध्ये टाका, मी वाचीन. फक्त ते जुन्या नाण्यांवर डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक अक्षरांत क्विरीनियचं नाव आहे हे नको, नाणेतज्ज्ञांनी ते कधीच मान्य केलेलं नाही.