नाव विचारलंय का कुठे?

रविवारी नंद्या कट्ट्यावर आला तोच तणतणत. "सोसायटीच्या सर्व्हेचा फॉर्म तिघांनी भरलाच नाही. अरे, निनावी आहे! नाव विचारलंय का कुठे?"

"मग काय विचारलंयस?" मंजिरी. परवा प्रायव्हसीवरचं ते व्याख्यान ऐकून आल्यापासून तिच्यापुढे कुणाची धडगत नाही.

"विंग, जन्मतारीख, स्त्री की पुरुष. बस."

"म्हणजे नाव सोडून सगळं."

मग तिने मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर वेल्ड काढला. सरकारी कर्मचाऱ्यांच्या उपचारांच्या नोंदी नावं खोडून संशोधकांना दिल्या होत्या. लटान्या स्वीनी तेव्हा एमआयटीत शिकत होती. तिने २० डॉलरला गव्हर्नर राहायचा त्या केंब्रिज गावची मतदारयादी विकत घेतली आणि त्या नोंदींशी ताडून पाहिली. गव्हर्नरच्या जन्मतारखेचे गावात सहाच जण, त्यांतले पुरुष तीन, त्याच्या पिनकोडात तो एकटा. त्याचे आजार तिने त्याच्याच ऑफिसात पाठवून दिले!

"पिनकोड, जन्मतारीख, लिंग. एवढ्यावर ८७ टक्के अमेरिकन ओळखू येतात, असं तिने २००० साली मांडलं."

"२००६ मध्ये फिलिप गोलने परत मोजलं. ६३ भरले," शिऱ्या म्हणाला. हा दहावीत मास्तरांच्या फळ्यावरच्या चुका काढायचा.

"घे नंद्या, शंभरातले ३७ वाचले. वाट पेढे."

"अमेरिकेचं नको सांगूस," नंद्याने हात झटकला. "आपल्याकडे लपवायला आहे काय? कुणाकडे कोण आलं, कधी गेलं, सगळं समोरच्या काकूंना ठाऊक असतं."

"खासगीपणा मूलभूत हक्क आहे म्हणून २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं," मंजिरी म्हणाली. "काकूंपर्यंत निकाल पोचायचाय."

मी हसलो, तर नंद्या माझ्यावरच घसरला. तू बोलू नकोस, माझी स्कूटर नेऊन रिकामी टाकी परत केली होतीस. (पंधरा वर्षं झाली. टाकी आधीच रिकामी होती.)

"आणि मी काय गावभर सांगत फिरतो का?" तो पेटलाच. "बाप्याने फॉर्मात 'कमिटी घोरतेय' लिहिलं. मी बोललो कुणाला?"

सगळे गप्प. बाप्याचा ग्लास ओठांशीच थांबला.

"तुला कसं कळलं?"

"बी विंग, पुरुष, २९ फेब्रुवारी. दुसरा कोण असणार?"

मंजिरीला ठसका लागला. शिऱ्या कट्ट्यावरून खाली उतरून हसत होता.

"आणि २०२४ ची पार्टी अजून बाकी आहे," नंद्या म्हणाला.

त्यावर मात्र एकमत झालं. चहाचे पैसे बाप्याने दिले.