साहेब, चर्चा सकारात्मक झाली पाहिजे

कोल्हापुरात बदलून आलात, अभिनंदन. पहिला आठवडा रंकाळा, दुसरा पांढरा रस्सा आणि तिसऱ्या आठवड्यात कर्मचारी संघटनांचं शिष्टमंडळ, असा इथला क्रम आहे. रस्सा पचवायला कुणी शिकवावं लागत नाही. शिष्टमंडळ पचवायला शिकावं लागतं, म्हणून हा प्रपंच. मी एका सरकारी कार्यालयाच्या आस्थापना शाखेत उभी हयात अशा बैठकांची इतिवृत्तं लिहिण्यात घालवली. ‘चर्चा सकारात्मक वातावरणात पार पडली’ हे वाक्य हातात इतकं बसलंय की निवृत्तीनंतर बायकोनं आमटी कशी झाली विचारलं, तरी तेच तोंडातून निघतं.

वाटाघाट म्हणजे देणं-घेणं, हा समज आधी डोक्यातून काढा. शिरोलीच्या, गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत तसलं चालतं. तिथं मालकाच्या खिशात पैसे असतात आणि ते कामगाराला ठाऊक असतं. तुमच्या खिशात काय आहे? चहाचं बिल मंजूर करायचा अधिकार. पैसा वित्त विभागाकडे, वित्त विभाग मुंबईत, आणि तिथं विचारलं तर ‘हा धोरणात्मक निर्णय, मंत्रिमंडळाचा’. ही तुमची कमजोरी समजू नका, हीच तुमची ढाल. ज्याच्या हातात काहीच नाही, त्याच्याकडून कोण काय काढून घेणार? समोरच्या पुढाऱ्याला हे माहीत असतं. त्याला माहीत आहे हे तुम्हालाही माहीत असतं. तरी दोघांनी दोन तास घाम गाळायचा. शाहू महाराजांनी बांधलेल्या खासबागेत ‘निकाली कुस्त्यांचे भव्य मैदान’ अशा जाहिराती लागतात. आपल्या मैदानात कुस्ती निकाली झाली, तर पंचाचीच बदली होते.

‘नाही’ हा शब्द चुकूनही वापरू नका. या गावात ‘नाही’ ऐकलं की दुसऱ्या दिवशी दसरा चौक भरतो. त्याऐवजी ‘तत्त्वतः मान्य’ म्हणा. मान्य म्हणजे पैसे द्यावे लागतात. तत्त्वतः मान्य म्हणजे तत्त्व द्यावं लागतं, आणि तत्त्वाला लेखाशीर्ष लागत नाही. एक खमक्या सरचिटणीस मात्र असतोच. तो टेबलावर बोट आपटून म्हणतो, “साहेब, तत्त्व ऱ्हाऊ द्या, आमास्नी तारीख सांगा.” अशा वेळी बेल मारून चहा मागवावा. चहा आल्यावर माणूस तारीख मागत नाही, साखर मागतो.

चहानं भागलं नाही तर समिती. इथं मात्र मुंबईकडून शिकण्यासारखं पुष्कळ आहे. १ नोव्हेंबर २००५ पासून नोकरीला लागलेल्यांची जुनी पेन्शन गेली. त्यांच्यासाठी १४ मार्च २०२३ ला राज्यभर संप झाला. ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत आपल्याकडेही माणूस रस्त्यावर उतरला. दहावी-बारावीच्या परीक्षा चालू, अवकाळीनं झोपलेल्या पिकांचे पंचनामे अडलेले. सरकारनं काय केलं? तीन निवृत्त सनदी अधिकाऱ्यांची समिती नेमली. जुनी पेन्शन द्यावी की नाही याचा अभ्यास कुणी करायचा, तर जुनी पेन्शन घेणाऱ्यांनी! यापेक्षा अनुभवी अभ्यासक कुठून आणणार? सातव्या दिवशी संप मिटला. अहवाल तीन महिन्यांत यायचा होता. मुदत संपली, मग वाढली. डिसेंबरच्या १४ तारखेला पुन्हा संप झाला, नागपूरच्या अधिवेशनात निवेदन झालं, आणि तो त्याच दिवशी मिटला. पुढच्या ऑगस्टात केंद्रानं एकीकृत पेन्शन आणली आणि दुसऱ्याच दिवशी राज्यानं ती उचलली. म्हणजे ‘जुनी की नवी’ या प्रश्नाला उत्तर मिळालं ‘तिसरी’. एवढी सफाई तुम्हाआम्हाला साधायची नाही, पण निदान जिल्हास्तरीय उपसमिती तरी नेमता येते.

(चौदा तारखेचं काय गूढ आहे, कळत नाही. ५४ दिवस चाललेला तो जुना संपही १४ डिसेंबर १९७७ ला सुरू झाला होता. केंद्राएवढा महागाई भत्ता मागितला होता. त्या ५४ दिवसांच्या गोष्टी आमचे वरिष्ठ टिपं गाळत सांगायचे आणि सांगून झालं की आमची किरकोळ रजा नामंजूर करायचे.)

धमकी हवीच असेल तर मेस्मा, म्हणजे अत्यावश्यक सेवेत संपाला बंदी घालणारा कायदा आहे, ‘काम नाही, वेतन नाही’चं परिपत्रक आहे. संप हा सरकारी नोकराचा मूलभूत हक्क नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २००३ मध्ये तमिळनाडूच्या प्रकरणात सांगितलेलं आहे, तो निकालही टेबलावर दिसेल असा ठेवावा. वाचू नये. वाचला की समोरचाही एखादा निकाल काढतो आणि जेवायची वेळ टळते. आणि घाई तर मुळीच नको. एसटीचं राज्य शासनात विलीनीकरण करा म्हणणारा संप २०२१ च्या दिवाळीच्या तोंडावर सुरू झाला आणि २०२२ च्या एप्रिलपर्यंत रेटला गेला. विलीनीकरण झालं नाही. वडापवाल्यांचं, म्हणजे खासगी जीपनं प्रवासी नेणाऱ्यांचं, मात्र बरं चाललं.

पुढाऱ्याची काळजी घ्या, हे विसरू नका. तो तुमचा शत्रू नाही, तुमच्याच नाटकातला दुसरा नट आहे. त्याला बाहेर फाटकाशी द्वारसभा घ्यायची असते, आणि उन्हात उभ्या शे-दोनशे माणसांना काहीतरी दाखवायचं असतं. म्हणून त्याच्या हातात कागद द्या. कागदावर काय आहे याला महत्त्व नाही. गोल शिक्का आणि जावक क्रमांक ठसठशीत हवा. तो कागद उंच धरून ‘ऐतिहासिक विजय’ म्हणेल आणि संप ‘मागे’ न घेता ‘स्थगित’ करेल. त्याच्या स्थगितला आणि तुमच्या तत्त्वतःला एकाच आईनं पाजलेलं आहे.

आणि समजा खरंच द्यायची वेळ आली, तर एकदम देऊ नये. सातवा वेतन आयोग लागू १ जानेवारी २०१६ पासून, पगारात दिसला २०१९ मध्ये, आणि मधल्या तीन वर्षांची थकबाकी पाच वार्षिक हप्त्यांत. तेही हप्ते मागं-पुढं झाले. माणूस एका मागणीसाठी एकदा भांडतो, पण हप्त्यासाठी दरवर्षी निवेदन घेऊन येतो, पोच घेतो, आभार मानतो.

आशाताई आल्या तर जरा वेगळी तयारी ठेवा. त्या घोषणा जोरात देतात, आणि गावात कुणाच्या घरी बाळंतपण आहे, कुणाचा टीबीचा डोस चुकलाय, हे त्यांना तुमच्या संगणकापेक्षा आधी कळतं. पण घाबरू नका. त्या कर्मचारी नाहीत, ‘स्वयंसेविका’ आहेत. त्यांना पगार नाही, ‘मोबदला’ असतो. नाव असं ठेवलं की वाटाघाट निम्मी जिंकलेली असते, कारण स्वतःच्या इच्छेनं सेवा करणाऱ्या बाईनं पैसे मागणं शोभतं का? २०२३ च्या नोव्हेंबरात त्यांनी सात हजारांच्या वाढीची घोषणा ऐकली. शासन निर्णय हातात यायला मार्च उजाडला, मधे पुन्हा संप आणि आझाद मैदान झालं, आणि निर्णयात आकडा होता पाच हजार. दोन हजार कुठं गेले हे विचारू नका. ते तत्त्वतः आहेत.

राहता राहिलं इतिवृत्त. ते बैठकीनंतर महिन्यानं पाठवा, पुढच्या बैठकीत आधी त्याच्या दुरुस्त्यांवर चर्चा ठेवा, दुपार तिथंच जाते. उपस्थितांच्या यादीत नावं बिनचूक टाका, कुणाचं पद चुकलं तर तेवढ्यावरून बहिष्कार होतो. चहा आणणाऱ्या पोराचं नाव टाकायचं नसतं. माझ्या शेवटच्या बैठकीला एक होता, ठेकेदाराकडून आलेला. शिपायाची मंजूर जागा रिक्त, तिच्यावर हा, दर अकरा महिन्यांनी नवा करार. पेन्शन, थकबाकी, भत्ता, सगळं तो तीन तास किटली धरून ऐकत होता. सगळे गेल्यावर कप गोळा करता करता त्यानं मला विचारलं, “काका, आमचा इषय निघाला हुता का वो?”

मी इतिवृत्ताकडं बघितलं आणि सवयीनं म्हणालो, “सकारात्मक आहे.”

त्यानं माझा अर्धा राहिलेला कप उचलला. “मग पुढच्या बैठकीलाबी च्या मीच आणू का नवा ठेकेदार दुसरा पोरगा धाडणार हाय?”